काल इंग्लंडात काही झालं नाही

एका म्हातारीचं विमानाचं तिकीट मी एकदा रद्द केलं. तिला न विचारता, तिच्या घरी न जाता, आमच्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून, फोनवर एक वाक्य बोलून. वाक्य चुकीचं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट फार छान वाचलं असंच वाटलं. फोन ठेवल्यावर दारातल्या आरशासमोरून जाताना मी स्वतःकडे बघून कौतुकाने मान हलवल्याचंसुद्धा आठवतं. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून थोडा अवकाश होता.

ती चूक नीट कळायची तर आधी तो फोन आणि त्या फोनचे मालक कळायला हवेत.

इथे न्यू जर्सीत, आमच्या पार्सिपनीत, सकाळी पावणेआठला घरं रिकामी होतात. मुलगा एका गाडीत, सून दुसऱ्या गाडीत, नातवंडं पिवळ्या बसमध्ये. मागे राहतो आम्ही म्हातारे आणि डिशवॉशरचा आवाज. मग आठ वाजता आम्ही एक नंबर फिरवायचो, सहा आकडी पिन घालायचो, आणि फोनमधून एक खरखरीत, घाई नसलेला आवाज यायचा: "नमस्कार. कालपर्यंत जे झालं ते सांगतो."

हे आमचे फोनवरचे काका. वय ब्याऐंशीच्या पुढे, राहायला एकटे, मुक्काम लायब्ररीपासून दोन गल्ल्यांवर. रोज दुपारी लायब्ररीत जाऊन ते छापील वर्तमानपत्रं वाचायचे, त्यातलं निवडून लांबट वहीत मराठीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारा मिनिटांत आम्हाला वाचून दाखवायचे. ऐकणारे तीस-पस्तीस जण, सगळे म्यूटवर. एका घरात म्यूट करणं कधीच जमलं नाही, तिथून रोज कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. एकदा संसदेची बातमी मध्येच थांबवून काका म्हणाले, "कुणाकडे तरी चौथी शिट्टी झालेली आहे, गॅस बंद करा," आणि पुढे वाचू लागले. शिट्टी झालेली होती, त्यामुळे ती त्यांच्या नियमात बसत होती.

नियम एकच. झालं असेल ते सांगायचं. होईल, होऊ शकतं, होण्याची चिन्हं आहेत, सूत्रांकडून कळतं, यातलं काही नाही. हवामानसुद्धा ते कालचं सांगायचे. "काल सात इंच बर्फ पडला." एक नागपूरचे गृहस्थ यावर चिडून अनम्यूट झाले आणि म्हणाले, काका, कालचा बर्फ मला माझ्या खिडकीतून दिसतोय, आज पडणार का ते सांगा. काका शांतपणे म्हणाले, "मग कालच्याची खात्री झाली ना? पुढे घेऊ."

आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या पाईपांची गळती शोधण्याची नोकरी केली. एका गावाच्या पाणीपुरवठा खात्यात होते. लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि खाली कुठे पाणी वाहतंय ते ऐकायचं. ते म्हणायचे, "पाईप कधी फुटेल हे सांगणारे लोक ऑफिसात पुष्कळ होते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त पगार होता. मी फुटलेला शोधायचो." या माणसाची बाकी आयुष्यातली वागणूकही तशीच. "कसे आहात?" विचारलं की उत्तर "आत्तापर्यंत ठीक." कुणाच्या लग्नाला गेले की हात हलवत जायचे, जेवायचे, आणि आहेर बरोबर एक वर्षाने घेऊन हजर व्हायचे. "आता झालं लग्न," म्हणायचे. एका जोडप्याचं आठव्या महिन्यात फाटलं. त्यांच्यासाठी आणलेला डिनर सेट काकांच्या गॅरेजमध्ये खोक्यात पडून होता, तो पुढे मला मिळाला. अजून आम्ही त्यातच जेवतो. सुनेला त्याचा इतिहास मी मुद्दाम पाहुण्यांसमोर सांगते.

पायजम्यावर ते इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून बातम्या वाचायचे. मी एकदा हसून विचारलं की फोनवर टाय कुणाला दिसतो. ते म्हणाले, "मला."

त्यांची वही बघितल्याशिवाय त्यांची ओळख पुरी होत नाही. उजव्या पानावर 'झालं'. डाव्या पानावर 'म्हणे'. पेपरात जे जे होणार म्हणून छापून यायचं ते डावीकडे, तारखेसकट. ते कधी वाचून दाखवायचे नाहीत. पुढे ते खरोखर घडलं तर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. मी ती वही पहिल्यांदा चाळली तेव्हा लाल खुणा शोधाव्या लागत होत्या.

आणि मग ते इंग्लंडचं प्रकरण आलं.

आता कुणी विचारेल, न्यू जर्सीतल्या मराठी म्हाताऱ्यांना इंग्लंड युरोपातून बाहेर पडतंय की नाही याचं काय पडलंय. मुलगा मला हेच विचारायचा. त्याला मी सांगायचे की जगाची माहिती असावी. खरी गोष्ट अशी की मला ते व्यसन लागलं होतं. बाहेर पडायची मुदत मार्चअखेर होती, आणि टीव्हीवर एका कोपऱ्यात त्या मुदतीचं उलटं चालणारं घड्याळ असायचं, इतके दिवस, इतके तास, इतकी मिनिटं. खाली लाल पट्टी. मध्ये चार चौकोनांत चार माणसं, आणि चौघंही मार्च संपल्यावर काय काय बंद पडणार ते सांगताहेत. औषधं संपतील, ट्रकच्या रांगा लागतील, भाजी मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच चौघं आदल्या दिवशीच्या उलट सांगायचे आणि त्यांना लाज वाटत नसे. मी सकाळी दूध तापवताना बघायचे, दुपारी कपड्यांच्या घड्या करताना बघायचे. नात म्हणाली, "आजी, यू आर ॲडिक्टेड." मी तिला म्हटलं, तू तुझा फोन खाली ठेव, मग मला सांग. पण पोरगी खरं बोलत होती.

कदाचित आम्हा लोकांना त्या उलट्या घड्याळाची आधीच सवय होती. पार्सिपनीत घरोघर कुणीतरी कशाची तरी वाट बघत असतं. शेजारचा पुण्याचा मुलगा अकरा वर्षं ग्रीन कार्डसाठी थांबला होता, त्याच्या आईचा व्हिसा सहा महिन्यांचा, त्याच्या बायकोला काम करायची परवानगी मिळणार होती, मग काढून घेणार होते, मग नाही काढणार म्हणाले. त्या घरी सोफासुद्धा घेतला नव्हता. "बघू यार, काय होतं ते," म्हणत त्या पोरानं खुर्च्यांवर दिवस काढले. इंग्लंडची बातमी बघताना मला वाटायचं, चला, निदान एवढ्या मोठ्या देशाचीही तीच गत आहे. दुसऱ्याच्या टांगणीकडे बघून करमणूक करून घेणं फार सोपं असतं. माझी तर झकास होत होती.

काका मात्र एका वाक्याच्या वर जात नसत. संसदेनं बाहेर पडण्याचा करार फेटाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी "काल इंग्लंडच्या संसदेनं करार फेटाळला." बास. सहा तास चाललेल्या चर्चेला इतकाच वेळ. आणि बाकीचे सगळे दिवस, आठवडेच्या आठवडे, एकच वाक्य: "इंग्लंड. काल काही झालं नाही." ते हे वाक्यही गाळायचे नाहीत. मी एकदा त्यांना लायब्ररीत गाठून म्हटलं, काही झालं नाही तर सांगता कशाला? ते म्हणाले, "कुसुमताई ऐकतात ना."

कुसुममावशी आमच्या ऐकणाऱ्यांपैकी. वय अठ्ठ्याहत्तर, मुलाकडे टाउनहाउसमध्ये राहायच्या. त्यांची मोठी बहीण, अक्का, इंग्लंडात लेस्टरला. दोघींची अकरा वर्षांत भेट नव्हती. अक्कांची स्मरणशक्ती वर्षभरापासून जाऊ लागली होती. आधी गॅस, मग किल्ल्या, मग नातवंडांची नावं. पण फोनवर कुसुमचा आवाज आला की त्या अजून ओळखायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "कधी येतेस?" तिकडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की भेटायचं असेल तर उशीर करू नका. मावशींच्या मुलाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं काढली होती, स्वतः घेऊन जाणार होता. वाटेत ॲमस्टरडॅमला विमान बदलायचं होतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण मावशी फोन सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं येऊन बसायच्या आणि जो कोणी असेल त्याला हे सांगायच्या.

मार्चच्या मध्यावर काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठवडाभर वाचन बंद. त्यांनी मला विचारलं, कारण माझं अक्षर त्यांना आवडायचं आणि माझा आवाज, त्यांच्या शब्दांत, "पोचतो". आता हा आवाज. बाविसाव्या वर्षी मी रेडिओवर बातम्या वाचण्यासाठी आवाजाची परीक्षा दिली होती. परीक्षक गृहस्थांनी हवामानाचा मजकूर वाचायला दिला. मी इतक्या जिवाच्या आकांतानं वाचला की त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, तुम्ही पाऊस सांगताय की धमकी देताय?" मला घेतलं नाही. पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पण बेचाळीस वर्षं ते माझ्या मनात कुठेतरी बसलेलं होतंच. काकांनी वही माझ्या हातात दिली, "झालं ते वाचा, एवढंच," म्हणाले, आणि मी ती वही अशी घेतली की जणू मला कुणी सनद दिली.

माझ्या नशिबानं त्याच आठवड्यात इंग्लंडात खरोखर काही झालं. करार दुसऱ्यांदा फेटाळला गेला. मी पहिल्या दिवशी ते वाचलं. दुसऱ्या दिवशीही काहीतरी ठराव होता, तो वाचला. तिसऱ्या दिवशी मात्र वाचण्यासारखं काही नव्हतं. मी वही समोर घेऊन बसले. "इंग्लंड. काल काही झालं नाही" हे मला लिहवेना. समोर टीव्हीवर घड्याळ पळतंय, चौघंही कळवळून सांगताहेत, आणि मी पस्तीस माणसांना सांगू की काही झालं नाही? माझा आवाज त्यासाठी होता का?

तेवढ्यात चौकोनांतला एक टाय घातलेला माणूस म्हणाला की करार झाला नाही तर मार्चनंतर युरोपातून इंग्लंडला जाणारी विमानं थांबू शकतात. त्यानं त्या वाक्यात 'तर' घातलं होतं, 'शकतात' घातलं होतं, वर "असं काहींचं मत आहे" असंही म्हणाला होता. मी लिहून घेताना ही सगळी भरती काढून टाकली. भाजी निवडताना देठं काढतो तशी. आणि सकाळी आठ वाजता, पोचणाऱ्या आवाजात, वाचलं: "मार्चनंतर युरोपातून इंग्लंडला जाणारी विमानं बंद."

वाचल्यावर एक क्षण मी थांबलेही. थांबायचं असतं असं मी ऐकलं होतं.

पुढच्या सोमवारी काका काळा चष्मा लावून वही परत न्यायला आले. आमच्या ओट्यापाशी उभं राहूनच त्यांनी पानं उलटली. तिसऱ्या दिवसाच्या उजव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"बाई, कुठलं विमान बंद झालं?"

मी म्हटलं, होणार होतं ना. टीव्हीवर सगळे सांगत होते.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, उजवीकडची ओळ खोडली आणि तीच ओळ डाव्या पानावर, स्वतःच्या अक्षरात, पूर्ण लिहिली. डोळ्याला बरं नव्हतं, वाकडं लिहिलं. मग वही बगलेत मारून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांच्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं, "गेल्या आठवड्यात या फोनवरून सांगितलं गेलं की युरोपातून इंग्लंडला जाणारी विमानं बंद झाली. ती बंद झालेली नाहीत. चूक माझी." मी स्टुलावर बसून ऐकत होते. माझं नाव त्यांनी घेतलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

फोन संपला आणि पाचच मिनिटांत मावशींच्या सुनेचा फोन आला. बिचारी ऑफिसात जाता जाता गाडीतून बोलत होती. "काकू, आम्ही ऑलरेडी कॅन्सल केलं ना. आईच म्हणाल्या, बातम्यांत आलंय, रिस्क नको. आता ह्याला जूनशिवाय लीव्ह नाहीये. प्रोजेक्ट गो-लाइव्ह आहे. काय करायचं आता?"

मला काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी पुष्कळ काही केलं. त्यांच्या घरी गेले, मावशींच्या मुलाला म्हटलं की तुला रजा नसेल तर मी घेऊन जाते मावशींना, मला काही काम नाही, तिकीट माझं मी काढते. तो तयार झाला होता. पण मावशी म्हणाल्या, गुडघा धरलाय, ह्या थंडीत नको, जूनमध्येच बरं. मी पुन्हा म्हटलं की मावशी, व्हीलचेअर मिळते, मी ढकलीन. त्या म्हणाल्या, बघू गं. मला वाटलं, माझ्यावरचा विश्वास उडालाय, आणि उडायलाच हवा.

परत येताना काका बरोबर होते. त्यांनीच मला नेलं होतं, ताशी पंचवीस मैलांच्या वेगानं, मागे सात गाड्यांची रांग लावून. रस्त्यात मी त्यांना म्हटलं की काका, तुम्ही मला रागवा तरी. त्यांनी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांच्या बायकोबद्दल बोलले. त्यापूर्वी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

त्यांच्या पत्नीची नजर हळूहळू जात होती. काका नोकरीत होते तेव्हा दुपारच्या सुट्टीत ते तिला ऑफिसातून फोनवर पेपर वाचून दाखवत. मग तिची एक मैत्रीण त्या फोनवर यायला लागली, मग तिची जाऊ, आणि तसा हा फोन सुरू झाला. त्या काळात पेपरात सारखं यायचं, डोळ्यांवर नवं इंजेक्शन येणार, नवं ऑपरेशन निघणार, दोन वर्षांत, पाच वर्षांत. काका ते शोधून शोधून वाचायचे. तिला आवडायचं. भारतातून तिच्या धाकट्या बहिणीची पत्रं यायची, ती मात्र ती काकांना वाचू द्यायची नाही. म्हणायची, डोळे आले की मीच वाचीन. आठ वर्षं पत्रं येत राहिली आणि एका डब्यात बंदच्या बंद राहिली. मग बहीण गेली. मग काही वर्षांनी ती गेली. इंजेक्शन काही आलं नाही. म्हणजे आलं असेल कुठेतरी, तिच्यापर्यंत आलं नाही.

"मी तिला आठ वर्षं 'म्हणे'वर ठेवली," काका म्हणाले. "प्रेमानंच ठेवली."

मी विचारलं, आणि ती पत्रं?

"आहेत. तिची आहेत ती."

मग त्यांनी गाडी सुरू केली आणि पुन्हा पंचवीसच्या वेगानं मला घरी सोडलं. त्या दिवसापासून त्यांच्या कालच्या हवामानावर मी हसले नाही. म्हणजे हसले, पण कमी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ज्या दिवशी मावशी जाणार होत्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, काकांनी वाचलं: "काल युरोपातून इंग्लंडला विमानं नेहमीप्रमाणे गेली." मला वाटलं हा टोमणा आहे. पण टोमणा मारायचा तर माणसाला पुढे काय होईल याचा थोडा विचार करावा लागतो, आणि काकांना ते येत नव्हतं. डाव्या पानावरची एक ओळ त्यांना निकालात काढायची होती, त्यांनी काढली. टीव्हीवर मुदत वाढत गेली. आधी दोन आठवडे, मग एकदम ऑक्टोबरअखेरपर्यंत. कोपऱ्यातलं घड्याळ त्यांनी मागे लावून पुन्हा सोडलं, आणि तेच चौघं त्याच चौकोनांत येऊन बसले. विमानांविषयी कुणी काही बोललं नाही. चूक माझी, असं तर त्यातल्या एकाच्याही तोंडून मी ऐकलं नाही, आणि मी लक्ष देऊन बघत होते. आठवडाभर बघितलं आणि मग टीव्ही बंद केला. नात म्हणाली, "आजी, आर यू ओके?"

पुढच्या वर्षी जानेवारी संपता संपता इंग्लंड खरोखर बाहेर पडलं. काकांनी ते दुसऱ्या दिवशी एका वाक्यात सांगितलं, नऊ सेकंदांत, आणि लगेच कालचं तापमान. तोवर चार वह्यांची डावी पानं भरली होती. आणखी दोन वर्षांनी काका गेले. त्यांच्या पुतण्यानं सगळ्या वह्या मला आणून दिल्या आणि फोनचा पिनही. आता मी वाचते. एकोणीस जण उरलेत. मी टाय घालत नाही, पण केस विंचरून, कुंकू लावून बसते.

मी पुढची गोष्ट आधी सांगून टाकली, कारण उरलेली सांगायला मला अजूनही जड जातं.

मावशी जूनमध्ये जाऊन आल्या. तीन आठवडे राहून आल्या. परतल्यावर चार दिवस फोनवर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी काका माझ्या दारात गाडी घेऊन उभे. आम्ही गेलो. घरी मावशी एकट्याच होत्या, मुलगा-सून कामावर. त्यांनी आम्हाला बसवलं आणि न विचारताच सांगायला लागल्या, अगदी सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशा.

अक्का दारात आल्या होत्या. स्वच्छ साडी, वेणी घातलेली, तब्येत छान. मावशींनी हाक मारली. अक्कांनी हात जोडून नमस्कार केला, या बसा म्हणाल्या. मग विचारलं, तुम्ही कुठल्या? चहा घेणार का? तीन आठवडे त्या मावशींशी अशाच फार आदबीनं वागल्या. रोज सकाळी नव्यानं नमस्कार. एकदा कपडे वाळत घालताना अक्का म्हणाल्या, माझी एक धाकटी बहीण आहे अमेरिकेत, येणार आहे म्हणत होती. मावशी म्हणाल्या, हो का, कधी? अक्का म्हणाल्या, येईल.

एप्रिलमध्ये फोनवर ओळखत होत्या. मेच्या शेवटापर्यंत ओळखत होत्या.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. मावशी, माझ्यामुळे, एवढंच बहुतेक, पुन्हा पुन्हा. मी त्यांचे पाय धरायला वाकले आणि चौसष्ट वर्षांच्या बाईला वाकून लगेच उठता येत नाही, तशी तिथेच गालिच्यावर बसून राहिले. काका खुर्चीत सरळ बसले होते, हात मांडीवर. मावशींनी मला उठवायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या:

"अगं, डॉक्टरांनी लवकर या म्हटल्यापासून मला धडकी भरली होती. गेले आणि तिनं ओळखलं नाही तर, हेच डोक्यात. कुणी नका जाऊ म्हणेल म्हणून मी रोज वाट बघायचे. ह्या काकांनी कधी म्हटलं नाही. तू म्हणालीस. त्या सकाळी मला इतकं बरं वाटलं होतं, इतकं बरं वाटलं होतं. तुला माफ करायला मला काही जड नाही गं. त्या बरं वाटण्याचं मी काय करू, ते सांग."